घरफोडी अलार्म बसवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न: परवाना, सायरन, जबाबदारी आणि उधारी

सराफाची पेढी, पतसंस्था, मेडिकल, बंगला, गोदाम अशा ठिकाणी अलार्म बसवणारे आपण बहुतेक जण वायरिंग करता करता या धंद्यात आलो. पॅनल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, जोडायला कोणी तरी शिकवलं, कायदा मात्र कोणीच शिकवला नाही. तालुक्यातालुक्यांतले इन्स्टॉलर मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळी उत्तरं महाराष्ट्रातलं काम धरून दिली आहेत. पोलीस केस झाली असेल किंवा मोठ्या रकमेचा वाद असेल तर आधी वकील गाठा.

घरफोडी अलार्म बसवायला वेगळा परवाना लागतो का?

फक्त अलार्म विकणं आणि बसवणं यासाठी वेगळा असा परवाना नाही. दुकानाची गुमास्ता नोंद, पॅन, चालू खातं आणि उलाढाल त्या मर्यादेत गेली की जीएसटी, एवढ्यावर धंदा उभा राहतो. अडचण येते ती आपण नकळत दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो तेव्हा. पहारा, वीजजोडणी आणि आग या त्या तीन हद्दी.

अलार्म वाजला की रात्री आमचा माणूस जागेवर जाईल, अशी सेवा देऊ का?

इथे थांबा. माणूस किंवा मालमत्ता यांच्या रक्षणासाठी माणूस पुरवणं हे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ खाली येतं. त्याला परवाना लागतो. परवान्याशिवाय हा धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा आणि त्याखालची सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. सिग्नल आला की मालकाला आणि त्याने दिलेल्या दोन नंबरांवर फोन करणं म्हणजे पहारा नव्हे, असं मी कायद्याच्या शब्दांवरून समजतो. पण काठी घेऊन माणूस पाठवायचा असेल तर परवाना असलेल्या एजन्सीशी लेखी करार करा आणि तिचं नाव ग्राहकाच्या कागदावर येऊ द्या. आपल्या हेल्परला रात्री दोन वाजता एकट्याला घरफोडीच्या जागी पाठवू नका. कायदा बाजूला ठेवला तरी तो कोणाचा तरी मुलगा आहे.

पॅनलसाठी नवीन प्लग पॉइंट आम्हीच काढला तर चालतो का?

असलेल्या प्लगमध्ये अडॅप्टर लावणं वेगळं आणि बोर्डातून नवीन २३० व्होल्टची लाइन ओढणं वेगळं. वीज सुरक्षेच्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगमधली वाढ आणि बदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे असतात. गावात ओळखीचा परवानाधारक असतोच. त्याचे दोनशे-तीनशे रुपये कोटेशनमध्ये वेगळे दाखवा. बारा व्होल्टची वायर २३० च्या पाइपातून नेऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

पार्टी म्हणते, त्याच पॅनलवर दोन स्मोक डिटेक्टरही लावून द्या. लावू?

घरगुती बंगल्यात जादा सूचना म्हणून लावायला हरकत नाही, पण बिलावर 'फायर अलार्म सिस्टम' असे शब्द लिहू नका. रुग्णालय, लॉज, मंगल कार्यालय, उंच इमारत असेल तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागतो. त्यात यंत्रणा परवानाप्राप्त एजन्सीनेच बसवायची असते. ती बसवल्यावर 'नमुना अ'चं प्रमाणपत्र आणि त्यानंतर दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' द्यावं लागतं. परवाना नसताना असा कागद आपल्या लेटरहेडवर देणं म्हणजे उद्याच्या आगीत आपलं नाव लिहून ठेवणं. आणखी एक गोष्ट परवान्याशी संबंधित नाही, जिवाशी आहे. दाराला इलेक्ट्रोमॅग्नेटिक लॉक लावलंत तर आगीचा सिग्नल आला किंवा वीज गेली की ते आपोआप सुटलं पाहिजे, आणि आतून उघडायचं बटण चावीशिवाय चाललं पाहिजे.

हूटर (सायरन) किती वेळ वाजू द्यावा? शेजारी तक्रार करतात.

ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. हूटर जवळून १०० डेसिबलच्या पुढे जातो. खरी चोरी असेल तेव्हा कोणी तक्रार करत नाही. तक्रार होते ती मालक लग्नाला गावी गेलेला असताना पालीमुळे रात्रभर वाजणाऱ्या हूटरची. मी पाच मिनिटांवर बंद होणारं सेटिंग ठेवतो आणि एकच झोन (पॅनलला जोडलेला सेन्सरांचा एक गट) एका रात्रीत तीनदा वाजला की पुढे तो आपोआप बाद होईल असं करतो. बहुतेक पॅनलमध्ये ही सोय असते, फक्त कोणी मेन्यूत तिथवर जात नाही. चावी असलेल्या एका शेजाऱ्याचा नंबर ऑटोडायलरमध्ये, म्हणजे अलार्म वाजला की आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रात, असू द्या.

ऑटोडायलरमध्ये पोलिसांचा नंबर टाकू का?

नका टाकू. ११२ हा संकटातल्या माणसांसाठी आहे. रेकॉर्ड केलेला आवाज तिथे गेला तर समोरच्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि चारदा खोटा गेला तर पाचव्या वेळी खऱ्याची किंमत कमी होते. पहिला नंबर मालकाचा, दुसरा घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा, तिसरा शेजाऱ्याचा. मालकाने खात्री करून स्वतः ११२ लावावा. बँक किंवा मोठ्या पेढीला पोलीस ठाण्याशी थेट जोडणी हवी असेल तर त्या ठाण्याची लेखी संमती घेतल्याशिवाय हात लावू नका.

जीएसएम (सिमवर चालणारा) डायलर कालपर्यंत चालत होता, आज फोनच जात नाही. पॅनल खराब?

दहापैकी सात वेळा सिम. आधी रिचार्ज पाहा. प्रीपेड सिम महिनोन्महिने न वापरता पडून राहिलं की कंपनी ते बंद करते, आणि अलार्मचं सिम पडून राहण्यासाठीच असतं. दुसरं कारण नेटवर्क. आपल्याकडचे स्वस्त डायलर टू-जी वर चालतात. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे त्या डायलरमध्ये जिओचं सिम घातलं तर ते मुकं राहतं. ग्राहक स्वतः जाऊन 'स्वस्त पडतं' म्हणून सिम बदलतो आणि आपल्याला सांगत नाही. आता नवीन काम करताना फोर-जी डायलरच घ्या.

एका तालुक्याच्या गावी सराफाच्या दुकानात माझ्याच हातून हे घडलं आहे. पॅनल उत्तम होतं, शटरला ते उघडलं की कळवणारा कॉन्टॅक्ट होता, हूटरही वाजला. पण दुकान बाजारपेठेत, रात्री तिथे कोणी राहत नाही, आणि सिमचं रिचार्ज संपून दीड महिना झाला होता, त्यामुळे फोन कोणालाच गेला नाही. रिचार्ज कोणी करायचं हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. मला वाटत होतं ते करतील, त्यांना वाटत होतं मी करीन. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कागदावर ही एक ओळ असते: 'सिमचं रिचार्ज ग्राहकाने करायचं, वैधता संपण्याची तारीख अशी अशी.' वर्षाचं रिचार्ज एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, धरून आपणच केलं तर आणखी चांगलं.

परदेशातून मागवलेले वायरलेस सेन्सर बसवले तर?

वायरलेस उपकरण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते आधी पाहा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. युरोपातले अनेक सेन्सर ८६८ च्या किंचित वर आणि अमेरिकेतले ९१५ च्या आसपास चालतात. दिसायला सगळं सारखंच, पण आपल्याकडे त्यांना मोकळीक नाही. विक्रेत्याकडून उपकरणाची सरकारी वायरलेस मान्यता, म्हणजे ईटीए, मागा. तो टाळाटाळ करू लागला की दुसरा विक्रेता शोधा. कॅमेऱ्यांचंही तसंच: बॉक्सवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, आणि ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीच्या अटीही लागू आहेत. जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून सरकारी टेंडरला लावलात तर बिल अडकेल.

खोटे अलार्म थांबत नाहीत. काय तपासू?

धंद्यातली बदनामी चोरीने होते त्यापेक्षा जास्त खोट्या अलार्मने होते. तीन रात्री झोपमोड झाली की ग्राहक चौथ्या रात्री अलार्म लावतच नाही, आणि मग पॅनल भिंतीवरची शोभा उरतं.

पीआयआर, म्हणजे खोलीतली हालचाल टिपणारा सेन्सर, उष्णतेतला बदल पाहतो, माणूस नव्हे. म्हणून तो पूर्वेच्या खिडकीसमोर, एसीच्या झोतात, देव्हाऱ्यातल्या समईसमोर किंवा फ्रिजच्या वर नको. उंची सात ते आठ फूट. आपल्याकडचा मोठा गुन्हेगार म्हणजे पाल. सेन्सरच्या काचेवरून पाल गेली की त्याच्या दृष्टीने तो हत्ती असतो. सेन्सरच्या मागची वायरची भोकं सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या आत घर करतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पंखवाले किडे ट्यूबलाइटवर येतात, त्यामुळे सेन्सर ट्यूबजवळ नको. गोदामात पत्रा तापतो आणि उंदीर असतात, तिथे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह लहरी अशा दोन्ही पद्धतींना एकदम हालचाल लागली तरच वाजणारा सेन्सर घ्या. महाग आहे, पण फेऱ्या वाचतात.

शटरचं दुखणं वेगळं. वाऱ्याने शटर हलतं, शेजारून एसटी गेली तरी हलतं. साधा छोटा कॉन्टॅक्ट तिथे टिकत नाही, जास्त अंतर चालणारा जड धातूचा शटर कॉन्टॅक्टच हवा. दुकान धुताना त्यावर पाणी पडतं, म्हणून जॉइंट जमिनीलगत ठेवू नका. कोकणात खाऱ्या हवेने स्क्रू सहा महिन्यांत गंजतात, स्टेनलेसचे वापरा.

आणि रेझिस्टर, म्हणजे वायरशी कोणी छेडछाड केली की पॅनलला कळावं म्हणून लावायचा छोटा भाग. झोनच्या शेवटची रेझिस्टर सेन्सरपाशी लावायची असते, कितीतरी जण ती वेळ वाचवायला पॅनलमध्येच बसवतात. मग वाटेत कोणी वायर शॉर्ट केली तरी पॅनलला सगळं ठीक दिसतं. माहितगार चोराला एवढं पुरतं. जुनी साइट ताब्यात घेताना मी सर्वांत आधी पॅनलचं झाकण उघडून हेच पाहतो.

बॅटरी किती तास चालेल असं सांगू?

१२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आणि १५० मिलिअँपिअर लोड असेल तर कागदावर साधारण ४६ तास येतात. ग्राहकाला त्याच्या निम्मे सांगा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाळ्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, आणि ती दमली आहे हे वीज गेल्यावरच कळतं. प्रत्येक फेरीत मेन बंद करून हूटर वाजवा आणि तेव्हा मीटरवर व्होल्टेज पाहा. साडेदहापर्यंत घसरलं तर त्याच दिवशी बदला. जुनी बॅटरी भंगारवाल्याला नको. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, जिथून नवी घेता तिथेच परत द्या.

चोरी झाली आणि अलार्म वाजलाच नाही. आमच्यावर दावा होऊ शकतो का?

होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, म्हणजे आपल्यासारख्यांची जवळजवळ सगळी. व्यापारी कामासाठी घेतलेल्या सेवेबद्दल तक्रार चालते का यावर वकील वाद घालतील, पण वाद घालायलाही तारखांना जावं लागतं.

तिथे निकाल फिरतो तो एका प्रश्नावर: तुम्ही काय कबूल केलं होतं? आपण विकताना बोलतो, 'साहेब, निर्धास्त झोपा.' ग्राहकाच्या मनात तो विमा होऊन बसतो. अलार्म सूचना देतो, चोराला अडवत नाही. हे कोटेशनवरच मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. कुठल्या दारं-खिडक्यांना संरक्षण आहे आणि कुठल्यांना नाही, तेही लिहा. ग्राहकाने पैसे वाचवायला मागची खिडकी सोडायला सांगितली असेल तर 'मागील खिडकी ग्राहकाच्या सांगण्यावरून सोडली' असं लिहून त्यावर सही घ्या. सही मागताना संकोच वाटतो, मला अजूनही वाटतो. पण अशी सही मागितल्यावर निम्मे ग्राहक ती खिडकीही करून घेतात, आणि खरं तर तेच आपल्याला हवं असतं.

आपली जबाबदारी बिलाच्या रकमेपुरती मर्यादित ठेवणारं कलम चालतं का? कुरिअरच्या पाकिटाबद्दलच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सही केलेल्या करारातली अशी मर्यादा मान्य केली होती. पण २०१९ च्या कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आली आहे. सगळा भार ग्राहकावर टाकणारं एकतर्फी कलम राज्य किंवा राष्ट्रीय आयोग रद्द करू शकतो. म्हणून कलम मध्यम ठेवा, आणि आपल्या हातून झालेल्या ढिलाईला ते झाकेल या भरवशावर राहू नका. एएमसी घेतली असेल तर प्रत्येक भेटीचा रिपोर्ट द्या: तारीख, वेळ, कोणते झोन तपासले, बॅटरी किती, ग्राहकाची सही. दुकानाचा घरफोडी विमा असेल तर अलार्म चालू स्थितीत असल्याची अट अनेकदा असते. तेव्हा तोच रिपोर्ट ग्राहकाच्या दाव्यालाही उपयोगी पडतो.

बँकेच्या लॉकर खोलीचं काम मिळालंय. वेगळं काय?

नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरांनी बँकेजवळचा गाळा भाड्याने घेऊन तिथून भुयार खणलं आणि लॉकर फोडले. दाराचा सेन्सर अशा वेळी शांतच राहणार. म्हणून लॉकर खोलीच्या जमिनीला आणि भिंतींना कंपन ओळखणारे सेन्सर हवेतच, ते कोटेशनमधून कापू देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे लॉकरकडे येण्याजाण्याच्या मार्गाचं चित्रण किमान १८० दिवस ठेवायचं असतं. दोन एमबीपीएसवर सतत रेकॉर्डिंग असेल तर एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २१.६ जीबी, म्हणजे १८० दिवसांना जवळपास ४ टीबी लागतात. एक टीबीची डिस्क टाकून हे काम घेणारे पाहिले आहेत.

पैसे राहिले आहेत. सिस्टम मोबाइलवरून लॉक करून ठेवू?

कधीही नाही. अधिकार असलेल्या माणसाला त्याच्या संगणक यंत्रणेपासून अडवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्याच रात्री चोरी झाली तर? दुरुस्तीला दुकानात आलेलं पॅनल मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क भारतीय करार कायद्याचं कलम १७० देतं, पण ग्राहकाच्या भिंतीवर बसलेल्या पॅनलवर तो चालत नाही.

उधारी वसूल करायचा सरळ रस्ता असा. काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबत संरक्षण आहे: लेखी मुदत नसेल तर १५ दिवस, असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि दाद त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा आधार मिळत नाही, म्हणून सेवेची नोंद करायला विसरू नका. घरगुती ग्राहकाकडून साठ टक्के बयाणा, तीस टक्के माल लागल्यावर, दहा टक्के चाचणीनंतर हा हिशेब मला मानवला आहे.

जीएसटी कधीपासून?

नुसता माल विकणाऱ्याची मर्यादा ४० लाख आहे, पण आपण मजुरीही लावतो, त्यामुळे २० लाख धरून चाला. दर १८ टक्के. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत) असाल तर बिलावर वेगळा जीएसटी लावता येत नाही.

कॅमेरा शेजाऱ्याच्या दाराकडे वळवा, असं ग्राहक म्हणतो.

आपल्या ग्राहकाच्या उंबरठ्यापुरता कोन ठेवा, समोरचं दार चित्रात येत असेल तर तेवढा भाग मास्क करा. ही सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. एकत्र घरात एका भावाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेल्या कॅमेऱ्यांचं प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेलं होतं. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात खासगीपणाच्या हक्काचा भंग मानला. वाटण्या न झालेल्या वाड्यात काम असेल तर सगळ्या राहणाऱ्यांची संमती विचारा. कपडे बदलायची खोली, बाथरूम, वसतिगृहाची खोली इथे कितीही पैसे दिले तरी नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि आयटी कायद्याचं ६६ई तिथे लागू होतं, आणि कॅमेरा लावणारा हात आपला असतो.

पोलीस डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) मागतात, आणि एका सर्टिफिकेटवर सही करा म्हणतात.

डीव्हीआर ग्राहकाचा आहे. तो ग्राहकाने द्यायचा, पंचनाम्यात मॉडेल, सिरियल नंबर आणि डिस्कचा नंबर लिहून. तुम्ही फक्त काढून देता. काढण्याआधी एक गोष्ट न चुकता करा: डीव्हीआरवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. घड्याळ अकरा मिनिटं पुढे असेल तर तो फरक तिथेच नोंदवा. घड्याळ 'दुरुस्त' करू नका.

सर्टिफिकेटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्यावरचा मोठा निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून ठरवायचं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ यंत्र न आणता सीडी किंवा पेन ड्राइव्हवरची प्रत दिली तर पुराव्याच्या कायद्यातलं प्रमाणपत्र आवश्यकच आहे. तेव्हाचं कलम ६५ब आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ झालं आहे. १ जुलै २०२४ पासून त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ताब्यात असणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमतही (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) त्यात लिहावी लागते. तुम्ही स्वतः कॉपी केली असेल, हॅश स्वतः काढली असेल, तेवढ्यापुरतंच लिहा. न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली तर उलटतपासणीत उभं तुम्हालाच राहावं लागेल.

हेल्पर शिडीवरून पडला तर खर्च कोणाचा? आणि नवा माणूस ठेवताना काय पाहावं?

कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाची, म्हणजे आपली. पगारपत्रक नाही, रोजंदारी आहे, ही सबब चालत नाही. अपघात विमा काढा आणि दहा फुटांच्या वर शिडीखाली दुसरा माणूस असल्याशिवाय चढू देऊ नका.

नवा माणूस ठेवताना पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र घ्या. त्याला इन्स्टॉलर कोड, म्हणजे पॅनलची सेटिंग्ज बदलायचा आपला कोड, तोंडी सांगू नका. प्रत्येक साइटला वेगळा कोड ठेवा आणि यादी कुलपात. फॅक्टरीचा १२३४ ठेवून साइट सोडू नका. माणूस काम सोडून गेला की त्याला माहीत असलेले सगळे कोड त्याच आठवड्यात बदला, भांडण होऊन गेला असो वा लाडू वाटून. काम संपल्यावर मास्टर कोड (ग्राहकाचा मुख्य कोड) ग्राहकाने स्वतः, आपली पाठ फिरलेली असताना टाकावा. मग घरातल्या सगळ्यांना बोलवा, आजीलाही, आणि प्रत्येकाकडून एकदा अलार्म लावून, एकदा काढून घ्या. पॅनिक बटण दाबायला लावा. हूटर वाजू द्या.